जगात जर्मनी, सेलूत पिकअप

भाचा सकाळी सात वाजता घरी आला तर त्याला एकतर पैसे हवे असतात, नाहीतर माझी सही. त्या दिवशी दोन्ही नको होतं. चहाची बशी तोंडाला लावून, एक घोट घेऊन, आवाज खाली आणत तो म्हणाला, "मामा, घोडे वाढवायलोय."

"बांधणार कुठं?" मी विचारलं. बहिणीच्या वाड्यात दोन म्हशी, एक कालवड आणि मेव्हण्यांची चाक नसलेली मोटरसायकल एवढी मंडळी आधीच दाटीवाटीनं नांदतात.

"बांधायचे न्हाईत. इंजनातले वाढवायचेत. कागदावर पंच्याहत्तर हायत. शंभराच्या वर न्यायलोय."

मी सेलूत आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकवलं. आकडा कागदावर वाढवायचा असेल तर पोरं माझ्याकडं यायची नाहीत, दुसऱ्या सरांकडं जायची. त्यामुळं हा प्रकार मला नवीन होता.

पिकअप कोणत्या कंपनीची, हे सेलूत कुणी विचारत नाही. पिकअप म्हणजे पिकअप. ती घरातलं कमावतं माणूस असते आणि कमावत्या माणसासारखंच तिला कुणी बसू देत नाही. दिवाळीनंतर कापूस, मग हरभरा, उन्हाळ्यात मांडवाचे बांबू आणि आचाऱ्याच्या काहिली, जूनमध्ये खताची पोती, भाद्रपदात गणपती, आणि अधूनमधून विटा, कडबा, शेळ्या. शिवाय पोलीस दिसला की 'खाली बसा' म्हणून ओरडावं लागतं असं एखादं वऱ्हाड. कापूस वजनाला हलका, पण आकाराला संसारासारखा. बांधायला घेतला की चारी बाजूंनी बाहेर येतो. तो जाळी टाकून, दोर आवळून, वर दोन माणसं बसवून दाबतात. मग मोंढ्याच्या रस्त्यानं एक पांढरा डोंगर डुलत निघतो आणि त्या डोंगराखाली कुठंतरी गाडी आहे, हे फक्त हॉर्नवरून कळतं.

आता एक घोडा म्हणजे किती, हे सांगायला हवं. शिक्षकाची खोड, जात नाही. जेम्स वॉट नावाच्या स्कॉटिश माणसाला आपलं वाफेचं इंजिन खाणमालकांच्या गळ्यात मारायचं होतं. खाणमालकाला वाफ कळत नव्हती, घोडा कळत होता. म्हणून वॉटनं हिशेब मांडला की हे इंजिन इतक्या घोड्यांचं काम करतं. पुढं युरोपानं त्याचं मेट्रिक रूप केलं: 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की झाली एक अश्वशक्ती. माझं वजन नेमकं 75 किलो आहे. म्हणजे मला सेकंदात ओट्यावर चढवून ठेवायला एक घोडा पुरतो. बायको गेली कित्येक वर्षं हे काम करते आहे, पण तिला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो.

या मापानं बघितलं तर रस्त्यावर मोठा गमतीचा प्राणिसंग्रह चालला आहे. 2005 साली टाटांनी एस नावाची लहान मालगाडी काढली. लोकांनी तिला लगेच 'छोटा हत्ती' म्हटलं. तिच्यात दोन सिलिंडर आणि सोळा घोडे. म्हणजे हत्तीच्या पोटात सोळा घोडे, आणि हाकणारा शेतकरी घरी बैलाची पूजा करणारा. बैलाचा हिशेब ढोबळ मानानं असा की एक जोडी म्हणजे एक अश्वशक्ती. त्या न्यायानं भाच्याच्या पिकअपमध्ये पंच्याहत्तर जोड्या, म्हणजे दीडशे बैल. लाल कंधारी धरा नाहीतर देवणी. दीडशे बैलांची शिंगं पोळ्याला रंगवायची म्हटली तर मेव्हण्यांना जमीन विकावी लागेल. भाचा बॉनेटला एक हार घालून मोकळा होतो.

"दीडशे बैल तुला कमी पडायलेत?" मी विचारलं.

"लोड असला की वढत न्हाई मामा. आन् चढाला तर पार दम टाकते."

चढाला! सेलूचा मुलूख परातीत सारवलेल्या पिठासारखा सपाट आहे. काळी जमीन, दुधनेचं खोरं, नजर टाकावी तिकडं कापूस, सोयाबीन आणि क्षितिज. जिंतूरकडं गेलं तर डोंगर दिसतो, पण भाच्याचं गिऱ्हाईक मोंढा, जिनिंग आणि फार तर पाथरी-मानवत. या वाटेवरचा सगळ्यात उंच चढ म्हणजे ग्रामपंचायतीनं घातलेला गतिरोधक. हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्यानं खरं कारण सांगितलं. मानवतच्या एका पिकअपवाल्यानं 'मॅप टाकला' होता आणि तो भरल्या गाडीनं भाच्याला मागं टाकून गेला होता. वर हात दाखवून.

म्हणजे प्रश्न ओढण्याचा नव्हता, हात दाखवण्याचा होता. हा रोग आपल्याकडं इंजिनाच्या आधीचा आहे. शंकरपटाचा नाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा गावोगावची कर्ती माणसं घरात सुतक पडल्यासारखी बसली होती. डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी आली, मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला आणि पट पुन्हा भरू लागले. मधली सात-साडेसात वर्षं या सगळ्या उमेदीचं काय झालं असेल, असा प्रश्न मला पडायचा. आता कळलं. बैलाचं शेपूट पिरगाळता येईना म्हणून पोरांनी इंजिनाचं शेपूट शोधून काढलं.

आणि या कामाला आमच्याइतका लायक जिल्हा दुसरा नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण उगीच पडलेली नाही. म्हणजे कशी पडली ते जाऊ द्या, पण या बाबतीत तरी जुळते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं आपलं इंजिन 1897 साली आउग्सबुर्ग गावात नीट चालवून दाखवलं. त्या इंजिनाला डिझेल मोजून पाजणारे पंप आणि मोजणारे संगणक बनवण्यात श्टुटगार्टची बॉश कंपनी अग्रेसर. जर्मनीनं मोजून पाजायचं आणि परभणीनं मोजमाप मोडायचं, अशी ही कामाची वाटणी आहे. स्वतः डिझेलसाहेब 1913 साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. पुढं आपल्या इंजिनाचं काय काय होणार आहे याची त्यांना कुणकुण लागली असावी, असं मला वाटतं.

भाच्याच्या इंजिनातला टर्बो मात्र जर्मन नाही, शेजारचा आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस माणसानं 1905 साली त्याचं पेटंट मागितलं. कल्पना इतकी घरगुती आहे की ती एखाद्या मराठवाड्यातल्या आजीला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. इंजिनातून धूर बाहेर निघालाच आहे, रिकाम्या हातानं कशाला जातो, जाता जाता एवढं दळण टाकून जा म्हणावं. बाहेर जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

डिझेल इंजिनाची सगळी मेख इथंच आहे. किती डिझेल पाजायचं यावर त्याची ताकद ठरते. पूर्वी हे ठरवणारा एक पंप असायचा. बंगळूरच्या मायको कंपनीचा पंप म्हणजे पंपातला पंप. 1951 साली निघालेली ही कंपनीही बॉशच्याच घरातली. त्या पंपावर एक स्क्रू असायचा आणि स्क्रूवर शिशाचं सील. सील अशासाठी की कुणी हात लावू नये. आपल्याकडं सील असण्याचा अर्थ वेगळा लावतात: इथं काहीतरी खाण्यासारखं झाकून ठेवलंय.

मोंढ्याच्या मागं आमचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांची सगळी हयात त्या स्क्रूवर गेली. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, विहिरीवरचं इंजिन, सगळ्यांचे पंप त्यांनी 'खोलले'. अर्धा आटा दिला की गाडी पळायची, पाऊण दिला की ढेकर द्यायची आणि पुरता दिला की गावात अंधार व्हायचा. भाच्यानं त्यांना मॅपचं सांगितलं तेव्हा ते हातातला पाना न ठेवता म्हणाले, "आमी स्क्रू पिळायचो, आता आकडे पिळतेत. पीळ त्योच."

याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. आताच्या गाडीत स्क्रू नाही, डब्यातला संगणक आहे. त्याच्या पोटात पाढ्यांसारखे तक्ते असतात. इंजिन इतक्या फेऱ्यांवर आहे, पाय इतका दाबला आहे, तर इतकं डिझेल सोड. हवा एवढीच आली असेल तर धूर होईल, तेव्हा यापुढं सोडू नकोस. आणि काही झालं तरी एवढ्या जोराच्या वर जाऊ नकोस. या तक्त्यांना 'मॅप' म्हणतात. ते बाहेर काढायचे, आकडे वाढवायचे, परत आत घालायचे. झाला रिमॅप.

रविवारी ट्यूनर आला. शहरातून, काळा टी-शर्ट, पाठीवर सॅक. वाड्यात लिंबाखाली बाज टाकली, बाजेवर लॅपटॉप ठेवला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचली आणि गाडीची नाडी बघायला सुरुवात केली. वीस-पंचवीस माणसं जमली. पशुवैद्य आला की जमतात तशीच, आणि तितक्याच सल्ल्यांसह. एका आजोबांनी 'ह्याच्यात भजन लागतं का' विचारून घेतलं.

"स्टेज वन करू की स्टेज टू?" ट्यूनरनं विचारलं.

"दोन्ही करा," भाचा म्हणाला. लसीकरणासारखं.

मग ट्यूनरनं आलेख दाखवला. खाली एक रेघ, वर एक रेघ. खालची 'आधी', वरची 'नंतर'. आलेख बघितला की माझ्यातला मास्तर जागा होतो. मी विचारलं, "ही गाडी तुम्ही मोजली कधी? ही तर सकाळपासून इथंच उभी आहे. हिचा आलेख दाखवा."

"सर, सेम मॉडेलचा ग्राफ आहे."

"म्हणजे दुसऱ्याच्या पोराची मार्कशीट."

तो हसला. पोरगा गुणी होता, खोटं बोलत नव्हता. त्यानं सांगितलं की टर्बो डिझेलमध्ये वीस-पंचवीस टक्के आरामात निघतात, कंपनीनं मागं ठेवलेलेच असतात. हे खरंच आहे. फक्त कंपनीनं ते मागं का ठेवले, हे कुणी विचारत नाही. मे महिन्यात परभणीचं ऊन चव्वेचाळीसवर जाईल म्हणून, पंपावरचं डिझेल दरवेळी गंगाजळ नसेल म्हणून, दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरतील म्हणून, आणि ऑइल बदलायची तारीख मालकाच्या लग्नाच्या वाढदिवसासारखी विसरली जाईल म्हणून. ते कणगीतलं बियाणं आहे. दळलं तर भाकरी छान होते, त्यात वाद नाही.

मी शेवटचा प्रयत्न कायद्याचा केला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीनं दिलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं आहे, धुराचे नियम कडक आहेत. शिवाय ताकद वाढली म्हणून जास्त माल भरलास तर कलम 194 प्रमाणं वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शोकसभेत ऐकतात तसं.

"मामा," भाचा म्हणाला, "आतले आकडे बाहेरून दिसतेत का?"

याचं उत्तर कायद्यात नाही. अठरा हजार रुपये मोजून झाले, पंचवीस मिनिटांनी वायर निघाली, बहिणीनं गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त भरलेली ज्वारी काढली आहे, तिचं नाव 'परभणी शक्ती'. भाकरी कशाची होती ते मी विचारलं नाही. पण सरकारमान्य शक्ती त्या अंगणात तेवढीच होती.

सोमवारी भरली गाडी घेऊन पाथरीच्या रस्त्याला चाचणी. मी केबिनमध्ये, कारण आलेख मागितला तो मीच. गाव सुटलं. भाच्यानं पाय दाबला. इंजिन ओरडलं. मी दाराची कडी धरली आणि मनात घोडे मोजायला लागलो. बाहेर बघितलं तर आमच्या शेजारून एक म्हशींचा कळप चालला होता आणि आम्ही त्यांच्या बरोबरीनं होतो.

"उचलायली बगा," भाचा म्हणाला.

मी आरशात बघितलं. मागचा रस्ता नाहीसा झाला होता. काळा धूर, असा दाट की त्यावर खडूनं लिहिता आलं असतं. त्या धुरातून थोड्या वेळानं एक मोटरसायकल बाहेर आली. वरचा तरुण पांढऱ्याशुभ्र कपड्यांत निघाला असावा, कारण कॉलरच्या आतली बाजू अजून पांढरी होती. हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी बघायला चालला होता. तो आम्हाला जे बोलला त्यात आमच्या तीन पिढ्या आल्या.

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. भाच्यानं त्यावर बायकोची टिकली चिकटवली. पण गाडीतला संगणक टिकलीला फसत नाही. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की तो इंजिन वाचवायला ताकद आपणहून कमी करतो. शंभर घोड्यांतले बरेचसे अंग चोरून बसले आणि उरलेल्यांनी आम्हाला पंचविसाच्या वेगानं मोंढ्यामागं मिस्त्रींच्या दारात आणून सोडलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. लॅपटॉप नाही, वायर नाही. कान लावला, वास घेतला, मागच्या नळीत बोट फिरवून काजळी बघितली आणि विचारलं, "एअर फिल्टर कवा बदलला?"

"कोणता?" भाचा म्हणाला.

मिस्त्रींनी फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आणि आतून जे निघालं ते बघून दुकानातला पोऱ्यासुद्धा पाना टाकून आला. कापूस! दोन हंगाम जिनिंगच्या आवारात, गंज्यांच्या मधोमध, इंजिन चालू ठेवून गाडी रांगेत उभी राहिलेली. तिथल्या हवेत तंतू असे उडत असतात की माणसाच्या भुवयासुद्धा म्हाताऱ्या होतात. ते सगळे या डब्यात येऊन बसले होते. त्यावर धूळ, धुळीवर पुन्हा तंतू, असे थर. छान थापून झालेली उशी. मिस्त्री ती चिमट्यानं ओढत होते आणि ती जादूगाराच्या रुमालासारखी संपतच नव्हती.

मी हिशेब मांडला. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. गाडी ओढत नव्हती कारण ती वर्षभर नाकावर उशी घेऊन धावत होती. ट्यूनरनं बिचाऱ्यानं काय केलं, तर गुदमरलेल्या माणसाच्या पानात आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या. हवा तेवढीच, डिझेल जास्त. न जळलेलं सगळं काजळी होऊन त्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्यावर. पंच्याहत्तर घोडे कधी कमी पडलेच नव्हते. त्यांतले पन्नास तरी धापा टाकत उभे होते, एवढंच.

नवा फिल्टर काही शे रुपयांना आला. ट्यूनरनं मूळ फाईल जपून ठेवली होती, पुढच्या रविवारी येऊन त्यानं ती परत घातली. येण्याजाण्याचे तेवढे घेतले, आणि चहा पिताना 'फिल्टर बघायला पाहिजे होता' असं कबूलही केलं. जुन्याच घोड्यांवर गाडी भरल्या कापसानं अशी निघाली की भाचा स्वतःच दचकला. त्याला अठरा हजारांचं दुःख होतं, पण ते त्यानं बाहेर दिसू दिलं नाही. गावात त्यानं 'मॅप टाकल्यापासून काय वढायली' असंच सांगितलं. आता आणखी तिघांनी त्या ट्यूनरचा नंबर घेतला आहे. मी काही बोललो नाही. आलेख मागायचा तर पुन्हा केबिनमध्ये बसावं लागेल.

त्या दिवशी मिस्त्रींच्या दारात मात्र एक प्रसंग राहिला. फिल्टरातून निघालेला तो काळपट बोळा फळीवर पडला होता. भाचा बराच वेळ त्याच्याकडं बघत होता. मग तो उचलून त्यानं तळहातावर तोलला.

"मिस्त्री, दीड पाव तरी भरंल न्हाई? गाडीतल्या मालात टाकला तर काट्यावर चालंल का?"

मिस्त्रींनी बोळा हातात घेतला, बोटांनी धागा ओढून बघितला, नाकाशी नेला आणि परत दिला.

"सरकारी केंद्रावर बारा टक्क्याच्या वर वल चालत न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्यात ऑइल हाय. यापाऱ्याला घाल."